प्राण्यांचे वर्ग कसे पाडतात?

(गांवच्या शाळेंत शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



आज आम्ही आपणांपुढें जो विषय मांडणार आहों, तो ऐकून कोणी म्हणेल कीं, हा शहरांतल्या कॉलेजांतला विषय. नांगर धरणारानें आणि हातोडी मारणारानें तो ऐकून काय करावें? परंतु वर्गवारी करणें हें काम आपण सर्व रोज करीत असतां. सुतार नुसता रंग पाहून लांकूड घेत नाहीं. रेषा पाहतो, वास घेतो, ठोकून पाहतो, आणि मग बाभूळ गाडीच्या चाकाला व साग दाराला असें ठरवितो. कुंभार मातीची परीक्षा करतो, कोष्टी सुताची करतो, धनगर मेंढराची करतो. ह्या सर्वांना एक गोष्ट ठाऊक असते. ती ही कीं, वरचें रूप फसवें असतें, आंतली घडण पाहावी लागते. प्राण्यांचें शास्त्रीय वर्गीकरण म्हणजे हीच कारागिराची नजर साऱ्या जीवसृष्टीला लावणें होय. ती नजर नसली म्हणजे पैसा कसा जातो, पीक कसें जातें आणि प्रसंगीं जीवही कसा जातो, हें दाखविण्याचा आमचा आज हेतु आहे.

आपल्या देशांत फार जुन्या काळापासून जीवांच्या चार खाणी मानीत आले. वारेंतून जन्मणारे ते जरायुज, अंड्यांतून निघणारे ते अंडज, घामापासून किंवा ओलाव्यापासून होणारे ते स्वेदज, आणि जमीन फोडून वर येणारीं झाडेंझुडपें तीं उद्भिज्ज. पहिल्या लोकांनीं डोळे उघडे ठेवून ही वांटणी केली, त्याबद्दल त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. पण पुढच्यांनीं ती तपासून पाहिली नाहीं, हें मात्र वाईट झालें. ऊ घामापासून होते, शेणांत किडे आपोआप होतात, कणगींतल्या ज्वारीला सोंडे आपोआप लागतात, असें अजूनही कित्येक घरांत म्हणतात. इटली देशांत फ्रान्सिस्को रेडी नांवाच्या वैद्यानें 1668 सालीं ह्या समजुतीची परीक्षा केली. त्यानें बरण्यांत मांस ठेविलें. कांहीं बरण्या उघड्या ठेविल्या, कांहींवर बारीक कापड बांधलें. उघड्या बरण्यांत माशा बसल्या व किडे पडले. झांकलेल्या बरण्यांतल्या मांसांत एकही किडा पडला नाहीं. म्हणजे किडा हा माशीच्या अंड्यांतून निघालेलें माशीचेंच पोर होय. सोंड्याचेंही तसेंच. मादी दाण्याला भोंक पाडते, आंत अंडें घालते आणि तें भोंक बुजवून टाकते. म्हणून दाणा वरून निर्मळ दिसतो. हें ज्या घरांत कळलें, तें घर धान्य कडक उन्हांत वाळवून, जुन्या कणग्या झाडून-लिंपून मगच नवें धान्य भरील. ज्याला कळलें नाहीं, तें घर नशिबाला दोष देत बसेल. स्वेदज ही खाण पुसली गेली, त्यांत आपलें असें रोकड हित आहे.

अंडज आणि जरायुज ही वांटणीही पुरी पडत नाहीं. घोणस हा साप अंडीं घालीत नाहीं. तिच्या पोटांतून जिवंत पिलें बाहेर येतात. म्हणून तिला गाईच्या शेजारीं बसवावें काय? तसें करतां येत नाहीं, कारण घोणस पिलांना दूध पाजीत नाहीं, तिच्या अंगावर केंस नाहींत, आणि तिचें रक्त गाईप्रमाणें एकसारखें उबदार राहत नाहीं. एकच खूण धरून वर्ग पाडला कीं असा गोंधळ होतो. अनेक खुणा एकत्र जुळल्या पाहिजेत.

ह्या कामाला पद्धत लावून देणारा पुरुष स्वीडन देशांतला कार्ल लिनेयस. त्याचा जन्म 1707 सालचा व मृत्यु 1778 सालचा. त्यानें आपला वर्गीकरणाचा ग्रंथ 1735 सालीं प्रथम छापला आणि तो वाढवीत नेला. 1758 सालीं निघालेली त्याची दहावी आवृत्ति ही प्राण्यांच्या शास्त्रीय नांवांची आरंभरेषा म्हणून आजही जगभर मानतात. पहिल्या आवृत्तींत लिनेयसानें देवमाशाला माशांत घातलें होतें. दहाव्या आवृत्तींत त्याला तेथून काढून, दूध पाजणाऱ्या प्राण्यांत बसविलें. देवमासा फुप्फुसांनीं हवा घेतो, पिलाला दूध पाजतो, आणि पोहतांना शेंपूट खालींवर हालवितो. मासा कल्ल्यांनीं श्वास घेतो व शेंपूट उजवीडावीकडे हालवितो. पुरावा दिसतांच आपलें लिहिलेलें आपणच खोडणें, हें शास्त्राचें खरें लक्षण आहे.

लिनेयसानें प्रत्येक जीवाला दोन शब्दांचें नांव दिलें. एकाच प्राण्याला कोंकणांत एक, वऱ्हाडांत दुसरें, तेलंगणांत तिसरें नांव असतें. पण शास्त्रीय नांव सर्वत्र एकच. आपल्या नागाचें शास्त्रीय नांव ‘नाजा नाजा’ असें आहे, आणि हा ‘नाजा’ म्हणजे आपलाच ‘नाग’ शब्द लॅटिन वेषांत गेलेला आहे.

आतां वर्गांच्या पायऱ्या कशा असतात, तें पाहूं. पाकिटावर आपण माणसाचें नांव, गांव, तालुका, जिल्हा आणि राज्य लिहितों. प्राण्याचाही असाच पत्ता असतो. मात्र तो आपण वरून खालीं वाचूं. गाईचा पत्ता असा: सृष्टि प्राण्यांची, संघ पाठीच्या कण्याचा, वर्ग दूध पाजणाऱ्यांचा, म्हणजे सस्तनांचा, गण सम खुरांचा, कुल पोकळ शिंगांचें, त्याच्या खालीं वंश, आणि शेवटीं जाति. ह्यांतल्या कांहीं पायऱ्या लिनेयसानें बांधल्या; संघ आणि कुल ह्या मागाहून आलेल्या विद्वानांनीं घातल्या. गाय, म्हैस, शेळी आणि मेंढी ह्या चौघी पोकळ शिंगांच्या एकाच कुलांतल्या आहेत. आंत हाडाचा खुंट, वर पोकळ शिंग, आणि तें जन्मभर राहतें. चितळ व सांबर ह्यांचीं शिंगें दर वर्षीं गळून पुन्हा येतात, म्हणून त्यांचें कुल वेगळें. नीलगाय, जिला वऱ्हाडांत रोही म्हणतात, ती पोकळ शिंगांच्या कुलांतली खरी, पण नांवांत गाय असली तरी ती गाय नव्हे. नांवावरून कुळी ठरत नाहीं.

आमच्या वर्गांतल्या मुलांना आम्ही विचारतों कीं, वटवाघूळ कोण? बहुतेक मुलें म्हणतात, पाखरूं. मग आम्ही विचारतों, त्याला पीस आहे काय? चोंच आहे काय? तें अंडीं घालतें काय? तिन्हींचें उत्तर नाहीं. त्याच्या अंगावर केंस आहेत, तोंडांत दांत आहेत, आणि मादी पिलाला दूध पाजते. त्याचा पंख म्हणजे लांबलेलीं बोटें व त्यांच्यांत ताणलेली कातडी. म्हणजे तो हातच आहे. आपला हात, बैलाचा पुढचा पाय, देवमाशाचा पर आणि वटवाघळाचा पंख हीं चारही वरून निराळीं. आंत मात्र हाडांची मांडणी एकाच नमुन्याची.

हें असें कां असावें? त्याचें उत्तर इंग्लंडांतल्या चार्लस् डार्विननें 1859 सालीं ग्रंथरूपानें दिलें. ज्यांची घडण आंतून मिळते, त्यांचे पूर्वज एक होते. पाटीवर मांडलेली वंशावळ जशी एका मूळ पुरुषापासून फांटत जाते, तशीच ही जीवांची वंशावळ. तेव्हांपासून वर्गीकरण हें केवळ सामान लावण्याची फळी न राहतां, नात्यांचा शोध झालें. आज पेशींतल्या वंशद्रव्याची अक्षरें वाचून तीं नातीं ताडून पाहतात. त्या शोधांत ठरलें कीं, जिवंत प्राण्यांत देवमाशाचा सर्वांत जवळचा भाऊबंद पाणघोडा आहे. आणि मगर ही पालीपेक्षां पाखरांच्या अधिक जवळची आहे. आजवर नांव दिलेल्या प्राण्यांच्या जाति सुमारें 15 लाख भरतात, त्यांत 10 लाखांवर तर नुसते कीटकच आहेत.

आतां शेवटची पायरी, जाति. शास्त्रांत जाति कशाला म्हणावें? ढोबळ कसोटी अशी कीं, ज्यांचा आपसांत संग होऊन होणारी संतति पुढें वंश चालवूं शकते, ते एका जातीचे. खिल्लार बैल आणि डांगी गाय ह्यांचें वासरूं पुढें वितें. म्हणून खिल्लार व डांगी ह्या दोन जाति नव्हेत, एकाच जातीचीं दोन वाणें. गाय व म्हैस एका गोठ्यांत जन्म काढतात, पण त्यांना आपसांत वासरूं होत नाहीं. गाढव आणि घोडी ह्यांपासून खेचर होतें, तें कष्टाळू असतें, पण बहुधा वांझ. घोड्याच्या पेशींत 64 गुणसूत्रें, गाढवाच्या 62, आणि खेचराच्या वांट्याला येतात 63. त्यांच्या जोड्या नीट लागत नाहींत, म्हणून वंश खुंटतो. ही कसोटी सर्वत्र काटेकोर लागते असें नाहीं. कुत्रा आणि लांडगा ह्यांची संतति वंश चालविते. निसर्ग आपल्या चौकटी पाहून वागत नाहीं. चौकटीच निसर्ग पाहून बदलाव्या लागतात.

हीच कसोटी माणसाला लावा. लिनेयसानें 1758 सालीं माणसाला वानरांच्या गणांत बसवून ‘होमो सेपियन्स’ असें नांव दिलें. एवढ्यावर तो थांबला असता तर बरें होतें. पण त्यानें खंडांप्रमाणें माणसांचे चार भेद केले आणि कोणी चपळ, कोणी आळशी, कोणी लोभी असे स्वभावही लिहून ठेविले. हें अवलोकन नव्हे. ही ऐकीव गोष्ट शास्त्राच्या वहींत शिरली, आणि पुढें तिच्या आधारानें पुष्कळ अन्याय झाला. आजचें शास्त्र ती वांटणी मानीत नाहीं. कोणत्याही दोन माणसांच्या वंशद्रव्यांतलीं हजार अक्षरें घेतलीं, तर सुमारें नऊशें नव्याण्णव सारखीं निघतात. काळा-गोरा, उंच-ठेंगणा, कोणत्याही घरीं जन्मलेला असो, प्राणिशास्त्राच्या वहींत माणसाची जाति एकच लिहिलेली आहे. जन्मावरून माणसाची किंमत ठरवूं पाहणाराला ह्या शास्त्रांत आधार सांपडणार नाहीं.

आतां व्यवहाराकडे वळूं. लाळ्या-खुरकूत रोग गांवांत आला म्हणजे गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी आणि डुक्कर हीं सर्व सांपडतात. घोडा आणि गाढव मात्र सुटतात. कां? कारण पहिलीं सर्व दुभंगलेल्या खुरांचीं, एका गणांतलीं. घोडा-गाढव एका खुराचे, दुसऱ्या गणांतले. म्हणून कुंभारदादांनीं आपल्या गाढवाची काळजी करूं नये. पण बैलांना लस टोंचून घेतली आणि शेळ्या तशाच सोडल्या, तर रोगाला दार उघडें राहिलें असें समजावें.

कपाशीच्या शेतांत तर वर्गीकरणावांचून पाऊल टाकणें म्हणजे पैसे मातींत घालणें होय. आपण पानावर दिसेल त्या सर्वांना ‘कीड’ म्हणतों आणि दुकानदार देईल तो डबा आणतों. पण पाय मोजा. सहा पाय असतील तर तो कीटक. आठ पाय असतील तर तो कोळ्यांच्या वर्गांतला, कीटक नव्हे. पानाखालीं जाळें विणून रस शोषणारा लाल कोळी आठ पायांचा आहे. त्याला कोळीनाशक लागतें. साधें कीटकनाशक मारलें तर कित्येकदां कोळी वांचतो आणि त्याला खाणारे मित्रकिडे मरतात, मग कोळी दुप्पट वाढतो. डबा रिकामा, पान लाल, आणि उधारी शिल्लक!

अळीची गोष्ट आणखी निराळी. अळी म्हणजे पुरा प्राणी नव्हे, तें पोर आहे. बोंडअळी ही पतंगाचें पोर, हुमणी ही भुंगेऱ्याचें पोर. दोघांचा गण वेगळा. 2002 सालीं आपल्या देशांत बीटी कपाशीला परवानगी मिळाली. तिच्यांतलें विष पतंगांच्या अळ्यांवर चालतें. मावा, तुडतुडे, फुलकिडे ह्या रस शोषणाऱ्यांवर चालत नाहीं, कारण ते त्या गणांतले नव्हत. पुढें गुलाबी बोंडअळी त्या विषालाही सरावली आणि 2017 सालीं तिनें महाराष्ट्रांत कपाशीची मोठी हानि केली. त्याच सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर मृत्युमुखीं पडले. विष कोणासाठीं व कशासाठीं मारतों, हें न कळतां हात चालला, तर तो आपल्याच घरावर चालतो, ही गोष्ट त्या सालानें शिकविली.

कामगंध सापळा घ्या. त्यांत मादी पतंगाच्या वासाची गोळी असते आणि नर फसून येतो. पण प्रत्येक जातीचा वास वेगळा! हिरव्या बोंडअळीची गोळी लावून गुलाबी बोंडअळीच्या पतंगाची वाट पाहणारा मनुष्य रिकामा सापळा पाहून शास्त्राला नांवें ठेवतो. चूक मात्र जाति न ओळखण्याची असते. हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला कडूनिंबावर व बाभळीवर बसतात. फांद्या हालवून तेव्हांच ते वेंचून मारले, तर जमिनींतल्या हुमणीची पुढची पिढीच उभी राहत नाहीं. आणि ढालकिडा दिसला तर त्याला हात लावूं नका; तो आणि त्याचीं पोरें मावा खातात. तो बिनपगारी गडी आहे.

आतां शेवटचा आणि जिवाचा प्रश्न, सापाचा. 2000 ते 2019 ह्या वीस वर्षांत हिंदुस्थानांत सर्पदंशानें सुमारें 12 लाख माणसें मेलीं, असा विद्वानांचा हिशोब आहे. म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. त्यांत बहुतेक खेड्यांतलीं. आपल्या देशांत सापांच्या तीनशेंवर जाति आहेत. त्यांत बहुतेक निर्विष किंवा माणसाला निरुपद्रवी. अधिक मृत्यु घडविणारे चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें. ह्या चारांचीं कुलें दोन. नाग व मण्यार एका कुलांतले. त्यांचें विष मज्जातंतूंवर जातें. पापण्या जड होतात, बोलणें अडखळतें, श्वास मंदावतो. घोणस व फुरसें दुसऱ्या कुलांतले. त्यांच्या विषानें रक्त गोठण्याची शक्ति जाते, सूज चढते, हिरड्यांतून किंवा लघवींतून रक्त जातें. कुल कळलें कीं विषाचा स्वभाव कळला. वर्गीकरणाची ह्याहून मोठी उपयुक्तता आम्ही ती काय सांगावी?

मण्यार रात्रीं फिरते आणि जमिनीवर निजलेल्याला चावते. दंश पुष्कळदां दुखत नाहीं, सुजत नाहीं, आणि झोपेंतच माणसाचा श्वास अडतो. कवड्या नांवाचा निर्विष साप तिच्यासारखा दिसतो. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक व शेंपटाकडे पुसट. मण्यारीचे मानेकडे पुसट व शेंपटाकडे ठळक. हें ज्ञान धामण, कवड्या अशा निरपराध सापांचा जीव वांचविण्यासाठीं आहे. दंश झाल्यावर कंदील घेऊन पट्टे मोजीत बसण्यासाठीं नव्हे. धामण उंदीर खाते. तिला मारणारा उंदरांना आमंत्रण देतो. साप दुधावर जगत नाहीं. दूध पिणें हें सस्तनांच्या पिलांचें काम.

दंश झाल्यास साप मारून दवाखान्यांत नेण्याची गरज नाहीं, कारण आपल्याकडे मिळणारी लस ह्या चारही सापांवर एकच आहे. घोड्यांना विषाची थोडी थोडी मात्रा टोंचून त्यांच्या रक्तापासून ती तयार करतात. मुंबईस हाफकिनच्या संस्थेंत हें काम पुष्कळ वर्षें होत आलें आहे. दंश झालेल्याला चालवूं नका. हातापायाला मोडलें असतां बांधतात तशी फळी लावा, अंगठ्या-बांगड्या-तोडे काढा. कापूं नका, चोखूं नका, दोरीनें आवळूं नका. मंत्र टाकणाराकडे घालविलेली घटका परत मिळत नाहीं. थेट सरकारी दवाखाना गांठा. आणि पावसाळ्यांत जमिनीवर न निजतां खाटेवर निजा, मच्छरदाणी गादीखालीं खोंचा, रात्रीं बाहेर जातांना दिवा व काठी घ्या.

मंडळीहो, वर्गीकरण म्हणजे लांबलचक लॅटिन नांवें पाठ करणें नव्हे. घाईनें नांव न ठेवतां पाय मोजणें, दांत पाहणें, पोर कोणाचें व तें कसें वाढतें हें विचारणें, आणि पुरावा निराळा निघाला तर आपलें मत बदलणें, एवढेंच तें आहे. ह्याला भांडवल लागत नाहीं. डोळे लागतात, आणि ते आपणांपाशीं आहेत. येत्या आठवड्यांत आपल्या शेतांतल्या पांच पानांवरचे प्राणी कागदाच्या पुडींत बांधून मुलाबरोबर शाळेंत धाडा. मुलें त्यांचे पाय मोजतील, वर्ग लावतील आणि कोण शत्रु, कोण मित्र, तें लिहून परत आणतील. मगच दुकानाची पायरी चढा.